घरचं वाक्य

शाळेची घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती आणि मथुराबाई फाटकात उभ्या होत्या. एरवी या वेळी त्या फळ्यावर तारीख घालत असायच्या. आज त्यांची नजर गल्लीच्या तोंडावरून हलत नव्हती. शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद गल्लीतून पोरं येत होती, एकमेकांना ढकलत, दप्तरं आपटत. ज्या एका मुलीची वाट होती ती त्यांत नव्हती.

तिची शेजारीण गोजा तेवढी आली. एकटीच.

"नरसू कुठंय गं?"

"आली न्हाय की, बाई."

"काल मी स्वतः सांगून आले होते. तिची आई आज घरी थांबते म्हणाली होती."

"व्हय, थांबनार हुती. पन बिडीच्या कारखान्यात आज पान लौकर वाटनार म्हनून सांगावा आला. मग आई पहाटंच गेली. नरसू म्हनली, बाळाला कुटं टाकू?"

मथुराबाईंना गोजाला आणखी एक गोष्ट सांगायची होती. रात्रभर ती त्यांच्या डोक्यात होती, सकाळी पोळ्या लाटतानाही होती. पण तेवढ्यात हेडमास्तरांनी व्हरांड्यातून हाक मारली आणि गोजा धावत वर्गाकडं गेली.

नरसम्मा बिटला, इयत्ता सातवी, हजेरीपटावर अडतिसावी. डिसेंबरात तिची आजी वारली. आई बिड्या वळायला कारखान्यात, बाप अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चादरींच्या मागावर. दहा महिन्यांच्या भावाला बघायला घरात उरली ती नरसम्मा. तेव्हापासून ती वर्गात आलेली नव्हती. पटावर मात्र तिच्या नावापुढं एकतीस दिवस 'ह' होता, हजर, आणि तो मथुराबाईंच्या अक्षरातला होता.

सलग महिनाभर न आलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचा नियम होता. नाव कमी झालं की सातवीची परीक्षा गेली. आणि सातवी न झालेल्या मुलीचं पुढं काय होतं हे मथुराबाईंना कुणी सांगायला नको होतं. करकंबच्या शाळेत त्यांच्यासह अकरा मुली पहिलीत बसल्या होत्या. सातवीच्या परीक्षेला दोघी उरल्या. त्या दोघींतल्या एक त्या होत्या, आणि उरलेल्या नऊ जणी त्यांना गावी गेल्यावर बांधावर भेटायच्या.

म्हणून रोज संध्याकाळी सहाला त्या नरसम्माच्या घरी जायच्या. दारातच बसायच्या. दिवसभराचं गणित, इतिहास, इंग्रजी तासाभरात उरकायच्या. बाळ कधी त्यांच्या मांडीवर असायचं, कधी नरसम्माच्या. मुलगी शिकते आहे, फक्त बसायची जागा बदललेली आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. पहिले चार दिवस 'ह' घालताना हात अडखळला होता. पाचव्या दिवसापासून अडखळेनासा झाला, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

हेडमास्तर महादेवप्पा शेटे कपाळावर ताजं भस्म लावून आले होते. तपासणीच्या दिवशी ते बोटभर जास्तच लावायचे.

"बाई, पट पंचेचाळीस. बाकांवर किती?"

"चव्वेचाळीस. सर, मला तुम्हाला त्या मुलीबद्दल..."

"काही सांगू नका. सांगितलं की मला ठाऊक होतं असं होतं." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "सहावीतली एक पोरगी देतो. उंच आहे. नाव विचारलं तर नरसम्मा म्हणेल."

"आणि इंग्रजी विचारलं तर?"

"लाजली म्हणायचं. मुली लाजतात."

"नको, सर. पोरीच्या तोंडी खोटं कशाला घालायचं?"

महादेवप्पांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. रागावले नाहीत. "पटावर कोण घालतंय मग, बाई?" एवढंच म्हणाले.

मग हेडमास्तरांनी आवाज उतरवला. "हे बघा. तुमचं दोन वर्षांचं तात्पुरतं. आज वाघमोडेसाहेबांचा शेरा चांगला पडला की जूनपासून कायमचं पत्र. मी संस्थेला शब्द टाकून बसलोय. पुस्तकातली वाक्यं घ्या, पोरांकडून म्हणवून घ्या, मोकळ्या व्हा. ती तुमची घरची वाक्यं आज बंद. काय?"

"बरं."

घरच्या वाक्यांचं असं होतं. पुस्तकात 'लुक आफ्टर' आलं तेव्हा खाली तीन वाक्यं होती. माळी गुलाबांना बघतो, नर्स रोग्याला बघते, आया बाळाला बघते. पोरांनी ती दिवसभर घोकली आणि दुसऱ्या दिवशी विसरली. विसरणारच. कुणाच्या घरी माळी नव्हता, आया म्हणजे काय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. मग मथुराबाईंनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुमच्या घरी कोण कुणाला बघतं? हात वर आले ते खाली जाईनात. त्या दिवसापासून रीत पडली. जे शिकवायचं त्याचं एक वाक्य प्रत्येकानं आपल्या घरातलं करून आणायचं. 'गेट अप' असो, 'गिव्ह अप' असो, 'लुक आफ्टर' असो. चुकलं तर चालेल, खोटं चालणार नाही. कुणी ऐटीसाठी मोटार आणली की वर्गच ओरडायचा, "बाई, ह्याच्या घरी सायकलबी न्हाय!"

नरसम्मा यायची बंद झाली तरी तिचं वाक्य बंद झालं नाही. गोजा तिच्या समोरच्या खोलीत राहायची. ती रोज सकाळी नरसम्माची चिठ्ठी घेऊन यायची, आधी आपलं वाक्य म्हणायची, मग चिठ्ठी उघडून नरसम्माचं वाचायची. कधी विसरली तर पोरं आठवण करायची. एकतीस दिवसांत चिठ्ठी चुकलेली नव्हती.

मथुराबाईंना फाटकात गोजाला हेच सांगायचं होतं: आज चिठ्ठी वाचू नकोस.

त्या वर्गात आल्या तेव्हा प्रार्थना संपून पोरं बसली होती. गोजा तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या बाजूला. पट उघडून मथुराबाई नावं घेऊ लागल्या. सदतीसपर्यंत टाक सरळ गेला. अडतिसावं नाव त्यांनी घेतलं नाही. पोरांनीही काही विचारलं नाही. त्या नावापाशी बाई रोजच गप्प राहून लिहायच्या. आज त्यांनी लिहिलंही नाही. टाकाच्या टोकाशी शाई गोळा झाली, ती त्यांनी टिपकागदावर टेकवली आणि चौकोन कोराच ठेवून पुढं गेल्या. पट मिटून त्या गोजाकडं वळल्या, आणि दारात बुटांचा आवाज झाला.

आबासाहेब वाघमोडे, विस्तार अधिकारी. लोक अजून त्यांना जुन्या सवयीनं दिपोटी, म्हणजे डेप्युटी, म्हणायचे. माळशिरसकडचे, उंच, काळेसावळे, धोतर सोडून पॅंट घालायला लागलेल्या माणसाची चाल अजून तशीच सैल. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, ते शाळेतला चहा घेत नाहीत. दोन, त्यांनी कुठल्याही शिक्षकाला आजवर 'उत्तम' लिहिलेलं नाही.

"पट देऊ, साहेब?" महादेवप्पांनी अदबीनं विचारलं.

"मागनं बघतो. पाठ चालू द्या." आणि ते शेवटच्या बाकावर येडूच्या शेजारी जाऊन बसले. येडू इतका सरकला की अर्धा बाकाबाहेर गेला.

पट टेबलावर राहिला. मथुराबाईंनी फळ्यावर लुक आफ्टर लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

पुस्तकातली वाक्यं नीट पार पडली. द गार्डनर लुक्स आफ्टर द रोझेस. द नर्स लुक्स आफ्टर द पेशंट. शिकवल्याप्रमाणे हात वर आले, शिकवल्याप्रमाणे खाली गेले. महादेवप्पा दाराशी उभं राहून प्रत्येक उत्तराला मान हलवत होते. मथुराबाई मनात मिनिटं मोजत होत्या. अजून पंधरा. अजून बारा.

"थांबा, बाई." मागून आवाज आला. साहेब उठून उभे राहिले. "कुणाच्या घरी माळी आहे?"

एकही हात वर आला नाही.

"गुलाब?"

एक हात वर आला. शिवपुत्राचा. "साहेब, एक कुंडी हाय. बकरीनं खाल्ली."

"मग बघितलं कुणी त्याला?" साहेब हसले नाहीत, पण आवाज जरा मऊ झाला. "पुस्तक ठेवा खाली. आपापलं सांगा. नाऊ, युवर ओन सेंटेन्स."

चव्वेचाळीस डोकी एकदम बाईंकडं वळली. नाही म्हणायला काही कारण नव्हतं, आणि साहेबांसमोर तर नव्हतंच. मथुराबाईंनी मान हलवली, आणि वर्गाचं बूच उडालं.

"माय ग्रँडफादर लुक्स आफ्टर अवर शॉप. ही स्लीप्स इन इट." हा शिवपुत्र.

"माय फादर लुक्स आफ्टर फोर लूम्स."

"मागाला बघतात का रे?" साहेबांनी विचारलं. "माग काय लेकरू आहे?"

"साहेब, लेकरापेक्षा जास्त. लेकरू रडतं तरी. मागाचा धागा गपचिप तुटतो."

साहेबांनी खिशातून पेन काढून वहीत काही टिपलं. मग शेजारी पाहिलं. "तू?"

येडू उभा राहिला. त्याचं घर अक्कलकोटच्या पलीकडं, चुलत्याकडं मेंढरं. तो शिकायला मावशीकडं राहायचा. "माय अंकल लुक्स आफ्टर टू हंड्रेड शीप," तो म्हणाला आणि थोडा थांबून, "द डॉग लुक्स आफ्टर माय अंकल."

आता साहेब हसले. सगळा वर्ग हसला. "इज इट ट्रू?"

"येस सर. काका झोपतो, कुत्रं जागतं."

"आणि बाई, तुमचं?"

हे मथुराबाईंनी धरलेलं नव्हतं. त्यांनी खडू टेबलावर ठेवला. "माय मदर-इन-लॉ लुक्स आफ्टर माय डॉटर," त्या म्हणाल्या. पोरांना हे ठाऊक होतं. साहेबांनी मान हलवली. मथुराबाईंना वाटलं, इथं संपावं. त्या पुढच्या रांगेकडं वळल्या, पण साहेब बाकांमधून चालत चालत तिसऱ्या रांगेपाशी आले होते.

"हां. तू सांग."

गोजा उठली. मथुराबाईंनी तिच्याकडं पाहिलं, डोळे मोठे केले, मान किंचित हलवली. गोजाचं लक्षच नव्हतं. ती साहेबांच्या बुटांकडं बघत होती.

"माय मदर लुक्स आफ्टर मी. आय लुक आफ्टर नोबडी."

पुन्हा हशा. "बरं आहे तुझं," साहेब म्हणाले आणि पुढं निघाले.

गोजा बसली नाही. बसायची वेळ झालेलीच नव्हती. एकतीस दिवस ती आपल्या वाक्यानंतर उभीच राहायची. तिनं परकराच्या खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली, आणि शाळेत वाचतात तसं ताठ होऊन मोठ्यानं म्हणाली, "नाऊ, नरसम्माज सेंटेन्स."

"गोजा, बस," मथुराबाई म्हणाल्या. आवाज फारसा निघाला नाही.

"आय लुक आफ्टर माय ब्रदर. ही इज टेन मंथ्स ओल्ड. आय डू नॉट कम टु स्कूल. माय टीचर कम्स टु मी अ‍ॅट सिक्स ओ'क्लॉक."

मग ती बसली. बसल्यावर तिला वर्ग किती गप्प आहे ते कळलं. तिनं बाईंकडं पाहिलं, नंतर दाराकडं, आणि चिठ्ठी मुठीत चुरगळली.

साहेब परत आले. त्यांनी हात पुढं केला. गोजानं मूठ उघडली. त्यांनी चिठ्ठी बाकावर ठेवून बोटांनी सपाट केली आणि सावकाश वाचली. अक्षर वळणदार होतं, एका ठिकाणी शाईवर बाळाचा ओला हात फिरलेला होता.

"कोण ही?"

महादेवप्पा पुढं आले. "वर्गातलीच, साहेब. हुशार आहे. आज ताप आलाय तिला. आजच. होय की नाही, बाई?"

साहेब टेबलाकडं गेले. पट उघडला. बोट वरून खाली आलं, अडतिसाव्या नावापाशी थांबलं. तिथून डावीकडं सरकत गेलं, चौकोनामागून चौकोन. मागचं पान उलटलं. डिसेंबर. पुन्हा चौकोनामागून चौकोन.

"आजचा चौकोन कोरा आहे, बाई."

"होय."

"आजच आली नाही?"

ते शांतपणे विचारत होते. विचारण्यात वाटही होती. हो म्हटलं की संपत होतं. आज ताप, बाकीचे दिवस हजर, चिठ्ठी म्हणजे पोरांचा खेळ. महादेवप्पा डोळ्यांनी तेच सांगत होते, जवळजवळ हात जोडून. जूनचं पत्र त्या एका 'हो'च्या पलीकडं पडलेलं होतं. आणि नरसम्माचं नावही.

समोर चव्वेचाळीस पोरं बसली होती. त्यांतल्या एकालाही नरसम्मा कुठं आहे हे सांगायला नको होतं. बाई हो म्हणाल्या असत्या तर पोरं गप्प राहिली असती, आणि त्या गप्प राहण्यात काहीतरी शिकली असती. गोजा तर सगळ्यांत जास्त.

"नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस दिवस आलेली नाही. पटावरचे 'ह' मी घातलेत. हेडमास्तरांना त्यातलं काही माहीत नाही."

महादेवप्पांनी उपरण्यानं मान पुसली.

"पोरांना सुट्टी द्या पाच मिनिटं," साहेब म्हणाले. "तुम्ही ऑफिसात या."

ऑफिसात त्यांनी बसायला सांगितलं नाही. स्वतःही बसले नाहीत. नरसम्मा कुठं राहते, घरी कोण कोण, रोज काय शिकवता, किती वेळ, असं एकेक विचारलं आणि मथुराबाईंनी सांगितलं.

"शिकवायचं ते शिकवलंत," साहेब म्हणाले. "खोटं कशाला लिहिलंत? रजेचा अर्ज घेता आला असता बापाचा."

"बाप म्हणाला, शाळा सुटली तर सुटू दे. अर्ज करायला तयार नव्हता."

"मग नियमानं नाव जाणार."

"म्हणूनच लिहिलं."

साहेबांचा आवाज चढला. "बाई, माझ्या भागात पावणेदोनशे शाळा हायेत. प्रत्येक मास्तर म्हणतो, पोरांसाठीच लिहिलं. कुणी तुकडी वाचवायला लिहितो, कुणी नोकरी. मी कुणाच्या काळजात शिरून बघू? मला चौकोन दिसतो, बस."

तेही खरं होतं.

साहेबांनी शेऱ्याचा कागद पुढं ओढला आणि उभ्यानंच लिहिलं. टाक कागदावर कुरकुरत होता. लिहून झाल्यावर कागद त्यांच्याकडं फिरवला. पहिल्या रकान्यात होतं: पाठ उत्तम. विद्यार्थी स्वतःची वाक्ये निर्भयपणे बोलतात. दुसऱ्या रकान्यात: एका विद्यार्थिनीची एकतीस दिवस खोटी हजेरी. शिक्षिकेने स्वतः कबूल केले.

"यातलं काही चूक लिहिलंय का?"

"नाही."

"संस्था कुठला रकाना वाचेल ते माझ्या हातात नाही." ते महादेवप्पांकडं वळले. "शेटे, नाव कमी करण्याआधी पालकाला लेखी नोटीस लागते. काढलीत?"

"पटावर हजर होती ना, साहेब. कशी काढणार?"

"म्हणजे काढली नाही. आज काढा. नोटिशीपासून पंधरा दिवस. तेवढ्यात मुलगी वर्गात येऊन बसली तर नाव राहील, परीक्षेला बसेल. नाही आली तर कमी करा. आणि बाई, ते एकतीस चौकोन तांबड्या शाईनं दुरुस्त करा, प्रत्येकाखाली सही. नोटीसही तुम्हीच पोचवा."

त्यांनी चहा घेतला नाही. जाताना व्हरांड्यात गोजा खांबाला धरून उभी होती. तिच्यापाशी ते थांबले, काहीतरी म्हणतील असं वाटलं, पण तसेच पुढं गेले.

दुपारभर मथुराबाई तांबड्या शाईनं 'ग' घालत होत्या. एकतीस 'ग', एकतीस सह्या. संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा गोजा फाटकात थांबलेली होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. दोघी गल्लीतून चालू लागल्या.

"बाई, माजं चुकलं का?"

"वाक्य बरोबर होतं."

"तसं न्हाय ओ."

"चूक माझी होती, गोजा. मोठ्या माणसाची होती. तुझ्या खिशात नुसती चिठ्ठी होती."

गोजाला ते पटलं की नाही कळलं नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि दाराच्या फटीतून बघत राहिली.

नरसम्माची आई नुकतीच परतली होती. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून ती दारात पाय धूत होती. हातांना तंबाखूचा वास. तिला मराठी कामापुरती यायची, वाचता तर मुळीच यायचं नाही. नरसम्मा बाळाला कडेवर घेऊन उभी होती. बाईंच्या हातात पुस्तक नाही, शाळेचा शिक्का असलेला कागद आहे, हे तिनं आधी टिपलं.

"हे तुझ्या आईसाठी आहे," मथुराबाई म्हणाल्या. "तूच वाचून सांगायचं आहेस. जसं आहे तसं."

नरसम्मानं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वाचलं. आधी मराठीत, मग एकेक ओळ तेलुगूत. मथुराबाईंना तेलुगू येत नव्हती. 'बडी' एवढा एक शब्द त्यांना कळायचा, शाळा. तो चार वेळा आला. पंधरा दिवसांची ओळ आली तेव्हा नरसम्माचा आवाज बारीक झाला, पण तिनं ओळ गाळली नाही. आईनं पदरानं हात पुसले, कागद घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि एक लांब वाक्य बोलली.

"काय म्हणाली गं?"

नरसम्मानं मान खाली घातली. "ते मराठीत येत न्हाय, बाई."

त्या संध्याकाळी शिकवणं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मथुराबाई पुन्हा सहाला जात राहिल्या. नोटिशीबद्दल घरात कुणी बोललं नाही. कागद कोनाड्यात देवाच्या तसबिरीमागं खोचलेला दिसायचा, याचा अर्थ जपून ठेवला की बाजूला टाकला, हे त्यांना ठरवता यायचं नाही. एकदा बाप भेटला. "बघू की, बाई," म्हणाला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

रोज सकाळी त्या अडतिसावं नाव मोठ्यानं घेऊ लागल्या. आधी ते घ्यायची गरज नव्हती. आता घेतल्यावाचून राहवत नव्हतं. नाव वर्गात घुमायचं, कुणी वळून दाराकडं बघायचं, आणि त्या 'ग' घालायच्या. पहिला. चौथा. नववा. गोजा आपलं वाक्य म्हणून झटकन बसायची. तिला चिठ्ठी आणायला कुणी मना केलं नव्हतं. तिनं आपणहून बंद केलं होतं, आणि पोरंही आठवण करत नव्हती.

चौदाव्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. महादेवप्पांनी ते पाकिटातून न काढताच त्यांच्या हातात दिलं. तिसऱ्या ओळीत होतं, एप्रिलअखेर सेवा संपुष्टात.

"मी भांडलो, बाई," ते म्हणाले. "त्यांनी दुसराच रकाना वाचला."

"तुम्ही भांडलात, हे पुष्कळ झालं."

घरी त्यांनी सासूला सांगितलं, मुलीला नाही. मुलगी चार वर्षांची होती. तिच्या केसांतल्या उवा काढत त्या उशिरापर्यंत उंबऱ्यात बसून राहिल्या आणि करकंबच्या शाळेत जागा असेल का, याचा विचार करत राहिल्या. मग तोही करेनाशा झाल्या. एकच दिवस उरला होता, आणि तो त्यांचा नव्हता.

पंधराव्या दिवशी त्यांनी पट उघडला तेव्हा महादेवप्पा काहीतरी निमित्त काढून दाराशी आले होते. मथुराबाई नावं घेत गेल्या. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

"नरसम्मा बिटला."

कुणी बोललं नाही. त्यांनी टाक टेकवला नाही. पुन्हा एकदा नाव घ्यायचा नियम नव्हता, त्यांनी घेतलं.

"नरसम्मा बिटला."

व्हरांड्यात धावत्या पावलांचा आवाज आला, आणि त्याच्या आधी एका लेकराच्या रडण्याचा. महादेवप्पा दारातून बाजूला झाले. नरसम्मा आत आली. एका खांद्यावर दप्तर, कडेवर भाऊ, हातात दुधाची पितळी लोटी. धापा टाकत ती तिथंच उभी राहिली.

"आई म्हनली," ती म्हणाली, "दोगंबी जावा. बाई हाकलत्याल तर दोगं परत या."

"हे काय, बाई," महादेवप्पा पुटपुटले, "वर्गात लेकरू? साहेबांना कळलं तर?"

"साहेब म्हणाले होते, वर्गात येऊन बसली तर नाव राहील. एकटीच बसली पाहिजे असं कुठं म्हणाले?"

महादेवप्पांनी क्षणभर विचार केला. "म्हणाले नाहीत," ते म्हणाले, "हे मात्र खरं." आणि व्हरांड्यातून निघून गेले.

बाळ ओरडतच होतं. गोजा उठली, दोन बाकं ओलांडून पुढं आली आणि तिनं हात पसरले. नरसम्मानं त्याला तिच्याकडं दिलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. दोन महिने रिकामी असलेली जागा कुणी पुसून ठेवलेली नव्हती. तिनं ओंजळीनं धूळ झाडली.

"हजर, बाई," ती म्हणाली.

मथुराबाईंनी चौकोनात 'ह' घातला. बाळ एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जात शेवटच्या बाकापर्यंत पोचलं, तिथं येडूनं त्याला पाटीवरचा दगडी पेन्सिलीचा तुकडा दिला आणि ते गप्प झालं. मथुराबाईंना अजून सात नावं घ्यायची होती. त्यांनी ती घेतली.